पडद्याची झीज आणि वाहिनीची चौकट : प्लाझ्मा दूरचित्रवाणी संचांवरील कायमच्या डागांचे एक वाचन

दूरचित्रवाणीविषयी मराठीत जे समीक्षालेखन झाले आहे, त्याचा बहुतांश भाग पडद्यावर जे हलते त्यासंबंधीचा आहे. मालिकांतील स्त्रीप्रतिमा, निवेदकांची भाषा, चर्चेच्या कार्यक्रमांतील गोंगाट, जाहिरातींचे आक्रमण हे विषय आपल्या चर्चासत्रांतून आणि लघुप्रबंधांतून वारंवार येतात. ते यावेत हे योग्यच आहे. परंतु पडद्यावर जे हलत नाही, दिवसभर एकाच कोपऱ्यात, एकाच उंचीवर, एकाच रंगात उभे असते, त्याकडे समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. प्रेक्षकाचेही जात नाही. वाहिनीचे बोधचिन्ह, तळाची रंगीत पट्टी, 'ब्रेकिंग न्यूज'ची चौकट, कोपऱ्यातील घड्याळ ही या अचल भागाची सामग्री होय. डोळा तिला सरावतो आणि मग ती असूनही नसल्यासारखी होते.

या अचल भागाचा एक साक्षीदार मात्र काही वर्षे आपल्या भिंतींवर टांगलेला होता. प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच २००५ च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याकडे सरकू लागले. पायोनियरने २००९ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवले आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजी यांनीही ते बंद केले. या अल्पायुषी तंत्रातील एक दोष सर्वपरिचित होता. एखादी स्थिर आकृती दीर्घकाळ दाखवली, की ती पडद्यावर कायमची उमटे आणि वाहिनी बदलली तरी तिची छाया जात नसे. इंग्रजीत याला 'बर्न-इन' म्हणतात. विक्रेत्याच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब. समीक्षकाच्या दृष्टीने मात्र ती एक नोंद आहे. वाहिनीने प्रेक्षकासमोर सर्वाधिक काळ काय धरून ठेवले, याची ती नोंद. ही नोंद ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराच्या संदर्भात वाचली, तर आपल्या वृत्तवाहिन्यांविषयी तिच्यातून काय हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जळणे नव्हे, झिजणे

प्रथम 'बर्न' हा शब्द दूर ठेवणे आवश्यक आहे, कारण येथे काहीच जळत नाही. प्लाझ्मा पडदा म्हणजे दोन काचांमध्ये बसवलेले लक्षावधी सूक्ष्म कप्पे. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंच्या ४२ इंची पडद्यात, प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन याप्रमाणे, ते सुमारे साडेतेवीस लाख भरतात. प्रत्येक कप्प्यात निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण असते. विद्युतदाब दिला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडतात आणि तो लेप आपल्या रंगाचा प्रकाश देतो. वापरागणिक हा लेप क्षीण होतो. तिन्ही रंगांत निळ्याचा लेप सर्वांत दुबळा. सर्व कप्पे सारखेच वापरले गेले असते, तर सगळा पडदा हळूहळू आणि एकसारखा मंद झाला असता आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. काही उत्पादक तेज निम्म्यावर येण्यास एक लाख तास लागतील असा दावा करीत. रोजचे आठ तास धरले तरी ती चौतीस वर्षे होतात. दावा अतिशयोक्त नव्हता असे मानले तरी प्रश्न सुटत नाही. डोळ्याला एकूण तेज मोजता येत नाही, पण शेजारच्या दोन भागांतील फरकाची कडा तो फार चटकन पकडतो. अर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच कडांविषयीची ही संवेदनशीलता दाखवून दिली होती. बोधचिन्हाखालचे कप्पे शेजाऱ्यांहून थोडेसे अधिक थकले, एवढे पुरेसे असते.

याहून निराळा एक तात्पुरता प्रकार आहे. कप्प्यांत विद्युतभार रेंगाळल्यामुळे आधीच्या चित्राची पुसट छाया काही काळ राहते आणि दुसरे काही पाहिले की ती निघून जाते. ग्राहक दोहोंना एकच समजत आणि विक्रेते त्यांना तसे समजू देत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कारण कायमच्या डागाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'आपोआप जाईल' हे उत्तर सोयीचे असते.

म्हणून मराठीत या घटनेला 'झीजठसा' म्हणावे असे मला वाटते. ठसा म्हटले की काहीतरी वरून उमटवले गेल्याची कल्पना येते. येथे उलट आहे. देवळाच्या दगडी पायरीला मधोमध पडलेला खळगा हा जसा पावलांनी ठेवलेला नसून पावलांनी नेलेला असतो, तसाच हा प्रकार. पांढरे अक्षर जिथे वर्षभर उभे होते तिथे पुढे काळसर अक्षर दिसते. लाल पट्टीची खूण तर लाल नसतेच. पट्टीच्या लाल पार्श्वभूमीत लाल कप्पे सतत पेटलेले, तिच्यावरून पांढरी अक्षरे गेली तरी त्यांतही लाल असल्याने ते पेटलेलेच. हिरवे व निळे मात्र अक्षर जाण्यापुरतेच काम करतात. परिणामी लाल सर्वांत थकतो आणि पांढऱ्या चित्रावर त्या जागी निळसर-हिरवट पट्टा दिसतो. ज्या रंगाने सर्वाधिक आरडाओरडा केला, त्या रंगाचा अभाव तेवढा मागे राहतो.

एक विरोधाभास येथेच नोंदवून ठेवतो. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा पडदा तयार केला, तो 'प्लेटो' या संगणकाधारित अध्यापनप्रणालीसाठी. त्या पडद्यात फॉस्फर नव्हता, निऑनचाच नारिंगी उजेड दिसे. आणि एकदा उमटलेले अक्षर कप्प्याने स्वतःच धरून ठेवावे हा त्याचा गुण होता. विद्यार्थ्याला स्थिर अक्षरे दाखवण्यासाठी जन्मलेले तंत्र पुढे क्रिकेटच्या वेगवान चेंडूसाठी वाखाणले गेले आणि स्थिर अक्षरांनीच दुखावले गेले.

मुंबईच्या कडेला

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराची निवड केवळ परिचयापोटी केलेली नाही. महानगराला लागून असूनही विजेच्या, केबलच्या आणि बातमीच्या अशा तिन्ही नकाशांवर हा प्रदेश मुंबईच्या रेषेबाहेर राहिला आणि या तिन्ही गोष्टींचा पडद्यावरील झिजेशी थेट संबंध येतो.

विजेचे पाहू. मुंबईचा बहुतांश भाग बेस्ट, टाटा आणि रिलायन्स यांच्या पुरवठ्याखाली होता. मुलुंडपासून पुढे महावितरणचे क्षेत्र. २००५ नंतरच्या वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे भारनियमन हा दिनक्रमाचा भाग झाला होता. दक्षिण मुंबईतील पडदा अखंड चालू राही, तर डोंबिवलीतील पडद्याला सक्तीची विश्रांती मिळे. ही विश्रांती डागाला बरी करीत नाही हे खरे. थकलेला फॉस्फर झोपून ताजा होत नाही. तेवढे तास झीज लांबली, इतकेच. दोन-तीनशे वॅट खाणारा हा संच घरगुती इन्व्हर्टरवर चालवण्याचे धाडसही फारसे कोणी करीत नसे.

केबलचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात मुंबई पहिल्या टप्प्यात होती, तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही शहरे दुसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ मार्च २०१३. तोवर अ‍ॅनालॉग केबलचा काळ होता, आणि त्या काळात स्थानिक केबलचालकाची स्वतःची पट्टी हा या शहरांतील पडद्यांचा एक स्वतंत्र थर होता. शिकवणीवर्गांचे प्रवेश, मंगल कार्यालयांची जाहिरात, साड्यांचे सेल, नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा असा मजकूर पडद्याच्या अगदी तळाशी सरकत जाई. त्याच्या वर वाहिनीची बातमीपट्टी, तिच्या वर ठळक बातमीची चौकट आणि वरच्या कोपऱ्यात बोधचिन्ह. अभिरुचीच्या दृष्टीने हा तळथर बटबटीत होता, यात शंका नाही. परंतु अखिल भारतीय चित्राच्या अंगावर रामनगरातील एखाद्या वर्गाचा दूरध्वनी क्रमांक चढलेला असणे, याला एक अर्थ होता. संकेतबद्ध डिजिटल प्रक्षेपणात शेवटच्या टोकाच्या केबलचालकाला दुसऱ्याच्या चित्रावर अशी पट्टी चढवणे शक्य राहिले नाही. चौकटीतला स्थानिक थर तेव्हा गळून पडला. त्याची दखल माझ्या वाचनात तरी कोणी घेतलेली नाही.

याच काळात चित्राच्या आकाराचाही घोळ होता. पडदे सोळास नऊ प्रमाणाचे आणि मराठी वाहिन्यांचे चित्र चारास तीन. अशा वेळी चित्र मूळ आकारात ठेवले तर दोन्ही बाजूंना रुंदीच्या साडेबारा टक्क्यांचे काळे खांब उभे राहत. मधले कप्पे झिजत आणि खांबांखालचे ताजे राहत. हे टाळण्यासाठी, आणि विकत घेतलेला पडदा पूर्ण भरावा या रास्त इच्छेने, बहुसंख्य प्रेक्षक चित्र ताणून पाहत. ताणलेल्या चित्रात प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने अधिक रुंद होतो. एका संपूर्ण पिढीने आपले मुख्यमंत्री, आपल्या नायिका आणि आपले निवेदक असे रुंद झालेले पाहिले आणि त्यात काही चुकते आहे असे फार थोड्यांना वाटले. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या, तोपर्यंत प्लाझ्मा संचांचे उत्पादन बंदही झालेले होते. म्हणजे रुंद पडद्याच्या या तंत्राला मराठी मनोरंजनाचे रुंद चित्र जवळजवळ लाभलेच नाही.

पट्टा उरतो, शब्द उरत नाहीत

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' या ग्रंथात 'प्रवाह' ही संकल्पना मांडली. दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसून कार्यक्रम, जाहिरात, सूचना यांच्या अखंड ओघाचा असतो, हा तिचा आशय. माध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमांत ही संकल्पना आदराने शिकवली जाते आणि आपले बरेचसे वाहिनी-विश्लेषण तिच्यावरच उभे आहे. विल्यम्स यांच्या काळातील पडद्यावर कोपऱ्यात कायमचे बोधचिन्ह वा तळाला कायमची पट्टी नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु २००७-०८ नंतरच्या मराठी वृत्तवाहिनीला ही संकल्पना जशीच्या तशी लावणे मला अपुरे वाटते. ओघाच्या वर आता एक न वाहणारा थर बसला आहे. नदीचे वर्णन करताना घाटाच्या पायऱ्या विसरल्यासारखे ते होते.

सरकती पट्टी हा या थराचा सर्वांत फसवा भाग. ती हलते, म्हणून ती प्रवाहाचा भाग वाटते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील फॉक्स न्यूज, सीएनएन आणि एमएसएनबीसी या वाहिन्यांनी बातम्यांचा लोंढा आवरण्यासाठी ती अखंड सुरू केली. तातडी ओसरली तरी पट्टी हटली नाही. आपल्याकडे २००७ मध्ये झी २४ तास व स्टार माझा आणि २००८ मध्ये आयबीएन-लोकमत या चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या, तेव्हा पट्टी हा वृत्तवाहिनीचा जन्मजात अवयव मानला गेलेला होता. आणीबाणीची खूण रोजची खूण झाली. तातडी नसतानाही तातडीचा रंग चालू ठेवण्याची ही सवय आपल्या वाहिन्यांनी मूळ संदर्भाशिवाय घेतली आणि वाढवली. पुढे तर एका वेळी तीन-तीन पट्ट्या दिसू लागल्या.

प्लाझ्मा पडदा या पट्टीचे काय करतो? अक्षरे सरकत असल्यामुळे कोणतेही एक अक्षर कोणत्याही एका जागी टिकत नाही. पार्श्वभूमीचा रंग मात्र टिकतो. म्हणून झीजठशात पट्टीची वरची आणि खालची कडा स्पष्ट येते, रुंदी येते, पण आत वाचण्याजोगे काहीही येत नाही. वर्षभरात त्या पट्टीतून गेलेल्या हजारो वाक्यांतील एकही शब्द पडद्यावर शिल्लक नसतो. क्रिकेटच्या धावफलकाचेही तसेच. चौकट उमटते, न बदललेली अक्षरे काही अंशी उमटतात, आकडे एकमेकांवर पडून त्यांचा अस्पष्ट गुंता होतो.

आणि या पट्टीतच आपला परिसर राहत असतो. मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत, भिवंडीत गोदामाला आग, डोंबिवलीत पाणीकपात, ठाण्यात वाहतूक कोंडी : या परिसराच्या बातमीचे नेहमीचे घर मुख्य चित्रात नसून तळाच्या सरकत्या ओळीत असते. १९९९ पासून डोंबिवलीत गुढीपाडव्याला निघणारी नववर्ष स्वागतयात्रा किंवा ठाण्यातील उंच दहीहंड्या एवढे वार्षिक अपवाद वगळले, तर मुख्य चित्रात येण्यासाठी या शहरांना मोठी किंमत मोजावी लागते.

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथील लकी कंपाउंडमधील बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या टप्प्याच्या डिजिटलीकरणाची मुदत नुकतीच उलटली होती. प्लाझ्मा संच अद्याप दुकानांत विकले जात होते. त्या दिवशी पडद्याचा मध्यभाग ढिगाऱ्याने भरला. राष्ट्रीय वाहिन्यांसाठी ते ठिकाण 'मुंबईजवळचे' होते; मराठी वाहिन्यांसाठी कधी ठाणे, कधी मुंब्रा, कधी शीळफाटा. ठिकाणाचे नाव एका लहान चौकटीत काही काळ स्थिर राहिले असेल. पण झिजेचा हिशेब तासांत होतो. एखाद्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात रोज दहा तास एकच वृत्तवाहिनी लावलेली असेल, तर वर्षाचे ३,६५० तास होतात. त्यांतील बहुतेक तास बोधचिन्ह जागेवर असते, पट्टी जागेवर असते. शीळफाट्याच्या वाट्याला त्यांतील काही दिवसांचे काही तास आले, आणि त्या तासांतही ढिगाऱ्याची चित्रे सतत बदलत होती. पडद्याच्या लेखी ती घटना घडलेली नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, तेव्हा जुने प्लाझ्मा संच अनेक भिंतींवर अद्याप चालू होते; त्यांच्यावरही स्फोटाची खूण राहिली नाही. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक क्षेत्रात अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला, तेव्हा आधीच्या स्फोटाची आठवण वाहिन्यांना नव्याने सांगावी लागली.

पडद्यावर छायाचिन्ह राहिले असते, तर लोकांची स्मृती टिकली असती, असे मला सुचवायचे नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मुद्दा वाहिनीच्या रचनेचा आहे. ज्या रचनेत बातमी प्रत्येक क्षणी बदलते आणि वाहिनीचे नाव कधीच बदलत नाही, त्या रचनेने आपला अग्रक्रम आधीच जाहीर केलेला असतो. निवेदक काय बोलतो हे त्यानंतरचे. मृतांच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावरही बोधचिन्ह असते आणि त्या चित्रावरून नजर हटली तरी ते तिथेच असते.

नाव बदलते, डाग राहतो

या अचल भागाला हलवणारी घटना एकच, वाहिनीचे नामांतर. १ जून २०१२ रोजी स्टार माझा ही वाहिनी एबीपी माझा झाली. निवेदक तेच, कार्यक्रम बरेचसे तेच, पण कोपऱ्यातील चिन्ह बदलले. तोवर चार-पाच वर्षे तीच वाहिनी दाखवणाऱ्या एखाद्या खाणावळीतील प्लाझ्मा पडदा कल्पावा. त्याच्या कोपऱ्यात नव्या चिन्हामागे जुने चिन्ह काळसर दिसत राहणार. जुन्या मालकीचे नाव पुसून नवे रंगवलेल्या दुकानाच्या पाटीसारखी ही स्थिती. वाहिनीने प्रेक्षकाला सांगितले, नाव बदलले तरी आपले नाते तेच. पडद्याने सांगितले, नाते ज्या नावाशी होते ते हे. जुने नाव विसरायला लावण्यासाठी नामांतराच्या वेळी वाहिन्या मोठी जाहिरात करतात. पडद्यावर मात्र जाहिरातीचा परिणाम होत नाही.

डाग घालवण्यासाठी उत्पादकांनी दिलेला उपायही या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. संपूर्ण पडद्यावरून पांढरा पट्टा फिरवत ठेवणे, किंवा सगळा पडदा तासन्‌तास पांढरा ठेवणे, हा तो उपाय. यामुळे थकलेले कप्पे ताजे होत नाहीत. ताजे कप्पे थकतात आणि फरक कमी भासतो. दुसरा उपाय चित्र अधूनमधून काही बिंदूंनी सरकवण्याचा. त्याने डाग टळत नाही, त्याची कडा तेवढी पुसट होते.

काही आक्षेप

या वाचनावर काही आक्षेप संभवतात. तांत्रिक दोषाला सांस्कृतिक अर्थ चिकटवणे हा अतिरेक आहे, हा पहिला. पडद्याला अर्थ कळत नाही हे मान्यच आहे. त्याची साक्ष उपयोगी ठरते ती त्यामुळेच. टॅमने आणि २०१५ पासून बार्कने दिलेले प्रेक्षकसंख्येचे आकडे कोणती वाहिनी किती जणांनी लावली एवढे सांगतात. त्या वाहिनीच्या चित्रातील कोणता भाग किती काळ समोर होता, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. झीजठसा नेमके हेच सांगतो. अर्थात त्याची मर्यादाही मोठी आहे. तो एका संचाची सवय नोंदवतो, आणि त्या संचाकडे कोणी पाहत होते की नाही हे त्याला ठाऊक नसते. प्रतीक्षागृहातील पडदा बहुधा आवाज बंद करून ठेवलेला असतो आणि माणसे आपल्या क्रमांकाची वाट पाहत असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वृत्तपत्राचेही नाव रोज एकाच जागी, एकाच अक्षरवळणात छापले जाते. मग वाहिनीलाच बोल का? उत्तर असे, की वृत्तपत्राचे मोठे नाव पहिल्या पानाच्या माथ्यावर येते आणि पान उलटले की मागे पडते. छायाचित्राच्या अंगावर ते छापले जात नाही. महिन्याच्या शेवटी नाव आणि बातमी दोन्ही एकाच रद्दीत एकाच भावाने जातात. वाहिनीत नाव बातमीच्या वर असते, प्रत्येक बातमीच्या.

बोधचिन्ह नको, असा या विवेचनाचा अर्थ घेऊ नये. चित्राची चोरी रोखण्यासाठी आणि वाहिनी ओळखण्यासाठी ते हवे. परंतु ते फिकट पारदर्शक असू शकते, काही मिनिटांनी जागा बदलू शकते, अतितातडीच्या चित्रापुरते बाजूला होऊ शकते. यांत अवघड काही नाही. तरीही गडद, भरीव, प्रसंगी फिरते चिन्ह आणि एकावर एक पट्ट्या हीच आपल्याकडील रूढी झाली. ती सौंदर्यदृष्टीची चूक तर आहेच. बातमीचे क्षेत्रफळ कमी करणारी संपादकीय चूकही आहे.

साक्षीदार गेल्यानंतर

प्लाझ्माची जागा ज्या एलसीडी पडद्यांनी घेतली, त्यांत फॉस्फरचे स्वयंप्रकाशी कप्पे नाहीत. प्रकाश मागून येतो. त्यामुळे अशी झीज त्यांच्यावर सहसा होत नाही आणि वाहिन्यांच्या चौकटीची नोंदही होत नाही. पट्ट्या वाढल्या त्या नेमक्या याच काळात. स्वयंप्रकाशी कप्प्यांच्या ओएलईडी पडद्यांवर मात्र दोष परतला आहे. कॅनडातील आरटिंग्ज या चाचणीसंस्थेने २०१८ मध्ये ओएलईडी संच रोज वीस तास चालवून केलेल्या प्रयोगात सीएनएन दाखवणाऱ्या संचांवर त्या वाहिनीचे चिन्ह व पट्टी उमटली. त्याच जातीचे पडदे आज अनेकांच्या खिशात आहेत. कल्याणहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमधील प्रवाशाच्या जुन्या भ्रमणध्वनीवर पांढरे पान उघडले, तर वरच्या कडेला घड्याळ व संदेशचिन्हांची ओळ, तळाशी कळफलकाची छाया दिसू शकते. येथे चौकट वाहिनीची नाही, उपकरणाची आहे. तिचे वाचन स्वतंत्रपणे करावे लागेल.

प्लाझ्मा संच आता भंगारात निघतात. मोठी काच, जड धातूची चौकट, दुरुस्तीला सुटे भाग नाहीत. खाणावळीतून, सभागृहातून, महाविद्यालयाच्या दृक्‌श्राव्य कक्षातून ते निघून जाण्यापूर्वी त्यांची नोंद घेणे अजून शक्य आहे, आणि हे काम भौतिकशास्त्र व माध्यम-अभ्यास या दोन विभागांनी मिळून करण्यासारखे आहे. त्यासाठी विशेष साधने लागत नाहीत. खोलीत अंधार करावा, कॅमेरा तिपाईवर पडद्याच्या बरोबर समोर ठेवावा, संचाला लाल, हिरवा, निळा आणि करडा असे चार सपाट रंग एकामागून एक द्यावेत आणि प्रत्येकाचे एक छायाचित्र घ्यावे. लाल रंगावर पट्टीची कडा सर्वांत स्पष्ट येण्याची अपेक्षा आहे. निळ्यावर तिन्ही लेपांतील दुबळेपणाचा हिशेब लावावा लागेल. संच कोणत्या वर्षीचा, कोणत्या जागी टांगलेला होता, दिवसातून किती तास चालत असे आणि कोणती वाहिनी लावली जात असे, हे मालकाला किंवा गल्ल्यावरच्या माणसाला विचारून छायाचित्राच्या मागे लिहून ठेवावे. वाहिनीचे नाव बहुधा विचारावे लागणार नाही.